सागरी इतिहास संग्रहालय आणि चाळीसगाव परिसराचा व्यापारी वारसा

प्रस्तावना

चाळीसगाव हे गिरणेच्या खोऱ्यातील, समुद्रकिनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक आत असलेले तालुक्याचे गाव होय. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील जंक्शन असल्याने येथील कुटुंबांचे मुंबईस जाणे-येणे जुने आहे. नातेवाइकांकडील लग्नकार्य, रुग्णालयातील उपचार, मुलांची सुटी अशा निमित्ताने मुंबईस गेलेले कुटुंब एखादा दिवस राखून ठेवते आणि गेटवे ऑफ इंडिया, घारापुरीची लाँच, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय अशा क्रमाने शहर पाहते. समुद्राचा इतिहास मांडणारी दालने व वस्तू त्याच्या दृष्टीस पडतात त्या बहुधा याच एका दिवसात.

महाविद्यालयाची शैक्षणिक सहल आणि कुटुंबाची संग्रहालयभेट यांत एक महत्त्वाचा भेद आहे. सहलीत मार्गदर्शक बोलतो व विद्यार्थी टिपणे घेतात. कुटुंबात मात्र सांगण्याचे काम वडीलधाऱ्यांकडे असते. जाते, पितळी हंडा, बैलगाडीची प्रतिकृती यांसमोर आजी-आजोबा आपसूक बोलू लागतात आणि फलकावर नसलेली माहिती नातवंडांना मिळते. सागरी इतिहासाच्या दालनात हे घडत नाही. गलबताच्या प्रतिकृती, होकायंत्र, तोफा, शिडांची आकृती यांपुढे खानदेशातील वडीलधारी माणसे गप्प होतात. वडील फलक वाचून दाखवितात आणि सर्व जण पुढच्या दालनाकडे वळतात. मराठीत शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर यांना एकच शब्द आहे. परंतु काचेपलीकडचा लोखंडी नांगर पाहून शेतकऱ्याला त्याविषयी सांगण्यासारखे काही सुचत नाही. या मौनाचे कारण इतिहासात नसून संग्रहालयांच्या मांडणीत आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. सागरी इतिहास किनाऱ्यावर सुरू होतो व जहाजावर संपतो, असे गृहीत धरून बहुतेक मांडणी झालेली असते. चाळीसगाव परिसरातील पुरावा या गृहीतकाला छेद देणारा आहे.

‘विक्रांत’: एका संग्रहालय-नौकेचे अकरा वर्षांचे आयुष्य

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ज्या एका सागरी संग्रहालयाविषयी जवळीक वाटली, ते म्हणजे विमानवाहू नौका ‘विक्रांत’. ब्रिटिश नौदलासाठी १९४५ मध्ये जलावतरण झालेली, पण अपूर्णावस्थेत राहिलेली ही नौका भारताने विकत घेतली व ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात, बाष्पकांपैकी एक नादुरुस्त असल्याने वेगावर मर्यादा आलेली असतानाही, तिच्यावरील ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथील लक्ष्यांवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली. पुढे २००१ ते २०१२ या काळात ती मुंबईत संग्रहालय म्हणून अधूनमधून लोकांसाठी खुली राहिली.

या नौकेवर गेलेल्या कुटुंबांत वडीलधारी माणसे गप्प राहिली नाहीत, याचे कारण उघड आहे. १९७१ च्या डिसेंबरात आकाशवाणीवरील युद्धवार्ता ऐकलेली पिढी नातवंडांना घेऊन त्या सातशे फुटी धावपट्टीवर उभी होती. सांगण्याजोगे त्यांच्यापाशी काही होते. स्मरण आणि वस्तू एकत्र आल्या म्हणजे संग्रहालय काय करू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होते.

ते टिकले नाही. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव नौका प्रेक्षकांसाठी बंद झाली. तिचे कायमस्वरूपी संग्रहालय करण्यासाठी निधी व भागीदार मिळू शकला नाही. जानेवारी २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला, न्यायालयीन दाद निष्फळ ठरली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दारूखाना येथे तिची मोडतोड सुरू झाली. तिच्या पोलादापासून घडविलेले एक स्मारकशिल्प जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीच्या लायन गेटजवळ उभारण्यात आले. त्याच वर्षी तिच्या धातूचा अंश असलेली मोटारसायकलही बाजारात आली. स्मारकापुढे माणूस क्षणभर उभा राहतो. नौकेवर कुटुंब दोन तास फिरत होते. नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झाली, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण ती युद्धनौका आहे, संग्रहालय नव्हे. जुन्या नौकेचे जाणे हे संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने मोठे नुकसान मानले पाहिजे.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडील ताफ्यात ‘कामोर्टा’ या युद्धनौकेचे अधिपत्य करणारे आणि पुढे १९७८ मध्ये मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटीच्या स्थापनेस कारणीभूत झालेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी (१९२७–२०१८) निवृत्तीनंतर राहिले ते सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी. भारतातील सागरी इतिहासाच्या अभ्यासाला संस्थारूप देणारा माणूस कमी पावसाच्या, घाटावरच्या मुलखात विसावला, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

पितळखोरे, पैठण आणि भडोच

विक्रांतच्या बाबतीत जे स्मरण एका पिढीपुरते होते, ते खानदेशात दोन हजार वर्षे मागे नेता येते. चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत पितळखोऱ्याची लेणी आहेत. प्रशासकीयदृष्ट्या ती कन्नड तालुक्यात मोडतात. परंतु त्यांच्याखालचा उतार चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीकडे येतो व दोन्ही स्थळे गौताळा-औट्रम घाट अभयारण्याच्या एकाच वनप्रदेशात आहेत. येथील सर्वांत जुनी लेणी इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातील मानली जातात. त्यांतील दानलेखांत पैठणच्या गंधिक कुळातील मित्रदेव याचे व राजवैद्य मगिल याच्या कुटुंबाचे नाव येते. विसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या साफसफाईत व उत्खननात सापडलेली यक्षमूर्ती आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती कण्हदास या सोनाराने घडविल्याचा उल्लेख कोरलेला आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, वैद्य आणि सोनार अशा तिघांची नावे एका आडवळणाच्या खोऱ्यात एकत्र यावीत, याला अर्थ आहे. ही माणसे भिक्षूंच्या मागे रानात शिरली नाहीत. व्यापारी वाट जेथून जात होती, तेथे त्यांनी दान दिले.

ती वाट पैठणहून घाट उतरून गिरणा व तापीच्या खोऱ्यांत येत असे व तेथून भडोचकडे जात असे, असे अभ्यासक मानतात. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शकात भडोचचा उल्लेख बॅरिगाझा या नावाने येतो. पैठण हे भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर असून तेथून अकीकासारखे दगड येतात, तर त्याच्या पूर्वेस दहा दिवसांवर असलेल्या तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, जाडेभरडे व तलम कापड येते, असे त्यात नोंदविले आहे. हा माल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून आणला जातो, असेही तो लेखक सांगतो. वीस दिवसांचा हिशेब केला तर दिवसाला पंधरा ते वीस किलोमीटरांची मजल पडते. भरलेली बैलगाडी हाकलेल्या कोणत्याही खानदेशी शेतकऱ्याला हा आकडा तपासता येईल. अलेक्झांड्रियातील ग्रीक नाविकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाची पडताळणी गिरणेकाठच्या आजोबांना करता यावी, ही बाब इतिहासाच्या अध्यापकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. टॉलेमीच्या भूगोलातील पेतिरगल हे नाव पितळखोऱ्याचेच असावे, असेही सुचविण्यात आले आहे.

पेरिप्लसमधील मालाच्या याद्या याहून उद्बोधक आहेत. भडोचला उतरणाऱ्या मालात द्राक्षमद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, मनशीळ, सुरमा, शिलारस आणि सोन्याचांदीची नाणी होती. भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालात जटामांसी, गुग्गुळ, हस्तिदंत, अकीक, सर्व प्रकारचे सुती कापड, सूत आणि पिंपळी होती. मित्रदेवाचा लेख पेरिप्लसच्या आधीचा असल्याने त्याच्या दुकानातील शिलारस समुद्रमार्गेच आला होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु पैठणला सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारे प्रतिष्ठित कुळ होते आणि भडोच बंदरात अशी द्रव्ये उतरत होती, या दोन गोष्टी एकाच व्यापारविश्वातील आहेत.

आता या याद्यांकडे खानदेशातील एखाद्या आजीच्या नजरेने पाहावे. गुग्गुळ ती धुपात घालते. पिंपळी तिच्या काढ्यात असते. सुरमा आणि पोवळे तिला ठाऊक आहेत, जटामांसी तिने केसांच्या तेलात वापरलेली असते. सागरी दालनात जहाजाच्या प्रतिकृतीशेजारी या सात-आठ वस्तू उघड्या वाटीत ठेवल्या आणि त्यांची मराठी नावे लिहिली, तर बोलण्याचा अधिकार तत्काळ आजीकडे जाईल. तिच्या मागच्या पिढ्यांच्या घरात जे होते, तेच इजिप्तला जाणाऱ्या जहाजात होते, हे नातवंडांना सांगण्यासाठी तिला कोणत्याही प्राध्यापकाची गरज पडणार नाही.

नावा आणि पोफळे

याच व्यापारविश्वाचा आणखी एक लिखित पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ज्या नद्यांवर लोकांना विनामूल्य उतरून जाण्यासाठी नावांची सोय केली, त्यांत पार, दमण, डहाणू यांबरोबर तापीचेही नाव आहे. किनाऱ्यालगतच्या छोट्या नद्या आणि तापी यांचा उल्लेख एकाच ओळीत करणाऱ्या त्या राजपुरुषाच्या मनात समुद्र आणि अंतर्भाग यांच्यात भिंत नव्हती. भडोच नहपानाच्या ताब्यात होते. माल तेथवर पोचायचा तर नद्या उतरता आल्या पाहिजेत, हे साधे व्यवहारज्ञान या पुण्यकर्मामागे असावे.

यानंतर सुमारे अकराशे वर्षांनी, पितळखोऱ्याच्या पायथ्याशी पाटण येथे दुसरा लेख कोरला गेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी येथे मठ स्थापन केला व निकुंभ वंशातील राजांनी त्यास दान दिले. शके ११२८ चा हा लेख गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा मोठा भाग संस्कृतात असला तरी अखेरचा मजकूर मराठीत आहे आणि तो सर्वस्वी बाजाराविषयी आहे. पाटणच्या पेठेत जे केणे, म्हणजे विक्रीचा माल, उघडला जाईल त्यावरील राजाचा हिस्सा मठास द्यावा, तेलघाण्यांमागे तेल द्यावे, माप मठाचे वापरावे अशी कलमे त्यात आहेत. ग्राहकांकडून पाच पोफळेही घ्यायची आहेत. पोफळ हे चाळीसगावच्या मातीतील पीक नव्हे. दमट हवेत, मुख्यत्वे कोकणपट्टीत होणारे फळ सातमाळ्याच्या पायथ्याच्या बाजारात करापोटी मोजून देण्याइतके नित्याचे झाले होते, हे त्या एका शब्दावरून कळते. लीलावतीच्या अभ्यासाचा खर्च काही अंशी किनाऱ्याकडून आलेल्या मालावर चालत होता, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणला.

सुरतेची पाठ

मध्ययुगात भडोचची जागा सुरतेने घेतली. वाट तापीचीच राहिली. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या मार्गाने. बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो व रशियापर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले. इंग्रजांनी धरणगाव येथे १६७० च्या दशकात वखार ठेवली ती याच कापडासाठी. १६७९ मध्ये मराठी फौजांनी धरणगाव व चोपडा लुटले.

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत सागरी इतिहास म्हटला की शिवछत्रपतींचे आरमार, सिंधुदुर्ग आणि कान्होजी आंग्रे हे विषय येतात, आणि ते यावेतच. तथापि १६६४ व १६७० ची सुरतेची लूट आणि धरणगावची मोहीम या एकाच व्यापाराच्या दोन टोकांवर झालेल्या घटना आहेत. समुद्रावरील सत्तेचा संघर्ष समुद्रापासून अडीचशे किलोमीटर आत असलेल्या खानदेशी पेठेतही लढला गेला, हे विद्यार्थ्यांना सांगितले जात नाही.

कापसाच्या गाठी

एकोणिसाव्या शतकात चाळीसगाव स्वतः या इतिहासात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेकडील राज्यांची बंदरे रोखली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईतील भाव भडकले. खानदेशच्या काळ्या जमिनीतील कापसाला एकाएकी मागणी आली. खानदेशचे जिल्हाधिकारी ॲशबर्नर यांनी हिंगणघाटच्या सुधारित बियाण्याचा प्रसार केला. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग चाळीसगाववरून भुसावळकडे गेला. तोवर थळघाटातून बैलांच्या पाठीवर व गाड्यांतून मुंबईस जाणारा कापूस आगगाडीने जाऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले व मुंबईतील सट्टेबाजांबरोबर कर्जात अडकलेले शेतकरीही बुडाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर युरोपचा समुद्रमार्ग जवळ आला. १९०० मध्ये धुळे–चाळीसगाव फाटा सुरू झाला आणि चाळीसगाव जंक्शन झाले. धुळ्याकडील कापसाला मुंबईच्या बंदराकडे नेणारी ती वाट होती.

खानदेशातील वृद्ध शेतकऱ्याला कापसाचा भाव हा विषय नवा नाही. दूर देशी काही घडले की आपल्या गावचा भाव पडतो, हे त्याने अनुभवलेले असते. चार समुद्रांपलीकडच्या नाकेबंदीने खापरपणज्याचे घर उभे राहिले वा बुडाले असेल, एवढे सूत्र संग्रहालयाने त्याच्या हाती दिले की पुढचे तो सांगू शकतो. त्यासाठी एक दाबलेली कापसाची गाठ आणि तिच्याशेजारी एक नकाशा पुरे.

मुंबईच्या हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नावाचे स्थानक आहे. कापसाच्या बाजाराचे आवार तेथे आले म्हणून ते नाव पडले. त्याच्या अलीकडचे स्थानक रे रोड असून त्याच्याजवळच, जेथे ‘विक्रांत’ मोडली गेली, तो दारूखाना आहे. मुंबई दर्शनाच्या कोणत्याही बसमध्ये ही दोन स्थानके दाखविली जात नाहीत.

मांडणीविषयी

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सागरी वारशाचे स्वतंत्र दालन आहे व ते स्तुत्य आहे. लोथल येथील राष्ट्रीय सागरी वारसा संकुलाच्या उभारणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्यता दिली. लोथलच्या विटांच्या तळ्याला गोदी म्हणावे की नाही, यावर पुरातत्त्वज्ञांत मतभेद आहेत. त्या वादातही मुख्य प्रश्न पाण्याचाच राहिला आणि तेथे येणारा दगड, धातू व धान्य कोणत्या वाटेने येत होते, हा विषय सामान्य प्रेक्षकापर्यंत पोचला नाही. नव्या संकुलाच्या नियोजनात अंतर्भागातील वाटांना जागा मिळाली, तर जुन्या संग्रहालयांतील उणीव भरून निघेल.

महाविद्यालयांना याहून लहान, पण लवकर होण्यासारखे काम करता येईल. नवरात्रात व पावसाळ्यात खानदेशातील असंख्य कुटुंबे पाटणादेवीस जातात. त्यांतील थोडीच पुढे पितळखोऱ्यापर्यंत चढतात आणि पाटणच्या लेखाचा आशय फारच थोड्यांना माहीत असतो. इतिहास व मराठी विभागांनी मिळून त्या लेखातील बाजाराच्या कलमांचे आजच्या मराठीत भाषांतर करून वाटले, तर भास्कराचार्यांच्या नावाबरोबर पोफळांचाही उल्लेख घरोघर पोचेल. चाळीसगावातच केकी मूस (१९१२–१९८९) यांचे कलासंग्रहालय आहे. लंडनला कलाशिक्षण घेऊन परतलेल्या आणि उरलेले आयुष्य जवळजवळ याच गावात काढलेल्या या छायाचित्रकाराची वास्तू स्थानिक कुटुंबांना परिचित आहे. पेरिप्लसमधील वस्तूंचे एक छोटे फिरते प्रदर्शन अशा परिचित ठिकाणी भरविले, तर मुंबईचे दालन पाहण्यापूर्वीच त्याची भाषा कुटुंबांना अवगत होईल.

मुंबईस गेल्यावर पाहण्याच्या स्थळांत भायखळ्याच्या संग्रहालयाची भर घालावी. १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयास १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे, म्हणजे पाटणचा लेख प्रकाशात आणणाऱ्या विद्वानाचे नाव देण्यात आले. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. याच हत्तीवरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात उचलताना फुटला आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडण्यात आला. जोडाच्या खुणा लहान मुलांनाही दाखविता येतात.